प्लॅस्टर निघाले, पुढे काय?

माझी प्रॅक्टिस नुकती सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट आहे. पाथर्डीकडच्या एक बाई दवाखान्यात आल्या. वय चाळीसच्या आसपास, नवऱ्याबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या. उसाच्या गाडीवरून उतरताना पाय सरीत वेडावाकडा पडला आणि घोट्याचे हाड मोडले. मोठ्या दवाखान्यात प्लॅस्टर घातले गेले होते. सहा आठवड्यांनी ते कापायला पुन्हा तिकडे जायचे म्हणजे भाडे, सोबतीचा माणूस आणि दिवसाचा रोज बुडणार, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी एक्स-रे पाहिला. हाड छान जुळले होते. प्लॅस्टर कापले आणि म्हणालो, "मावशी, हाड जुळलं. आता चाला बिनधास्त."

एवढेच बोललो. दुसरे काही सांगायचे असते हे त्या वेळी मला सुचलेही नाही.

सात-आठ महिन्यांनी त्या परत आल्या त्या कंबर आणि दुसऱ्या पायाचा गुडघा दुखतो म्हणून. दारातून आत येताना त्यांची चाल पाहिली आणि माझ्या लक्षात आले. मोडलेला पाय बाहेरच्या बाजूला वळवून, टाच न टेकवता, नुसत्या चवड्यावर पाऊल टाकून त्या चालत होत्या. सगळा भार दुसऱ्या पायावर. उकिडवे बसता येत नव्हते म्हणून खुरपणी बंद झाली होती. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. बाईला वाकता-बसता येत नाही म्हटल्यावर मुकादमाने त्या वर्षी त्यांना उचलच दिली नव्हती. एक्स-रे निर्दोष होता. चूक माझ्या अर्धवट सल्ल्यात होती.

त्या दिवसापासून मी प्लॅस्टर काढलेल्या प्रत्येक माणसाला दवाखान्याच्या व्हरांड्यात चालायला लावतो आणि पुढचे तीन महिने काय करायचे ते सांगतो. मी अस्थिरोगतज्ज्ञ नव्हे, साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. पण लचक, मुरगळ आणि प्लॅस्टर निघाल्यानंतरचे लंगडणे हे आमच्याकडेच जास्त येते. तेच या आठवड्यात लिहितो.

वाचकहो, आपल्या एका पावलात २६ हाडे असतात. त्यांना जोडणारे ३३ सांधे आणि शंभराहून अधिक बंध आहेत. टाच टेकते, मग तळवा जमिनीवर पसरतो, मग नडगी घोट्यावरून पुढे झुकते आणि शेवटी अंगठ्यावर जोर देऊन पाऊल उचलले जाते. निरोगी माणूस हे दिवसातून हजारो वेळा करतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. दुखापत झाली की शरीर पहिली युक्ती करते ती दुखरा भाग वाचवण्याची. टाच टेकली की दुखते ना, मग टाच टेकवायचीच नाही. पहिले काही दिवस ही युक्ती उपयोगाची असते. पण सहा आठवड्यांत मेंदूला तिची सवय लागते, आणि दुखणे गेले तरी लंगडणे राहते. म्हणून मी म्हणतो की मोठ्या माणसालाही चालणे पुन्हा शिकावे लागते, लहान मूल शिकते तसेच.

आधी दुखापतीच्या पहिल्या दिवसाबद्दल थोडे. पाय मुरगळला की आपल्याकडे घरातले कोणीतरी लगेच तेल लावून जोरजोरात चोळते. कोणी हाडवैद्याकडे नेते, कोणी बिब्बा घालते. बिब्ब्याने कातडी भाजून फोड आलेले पाय मी कितीतरी पाहिले आहेत. आत बंध फाटलेले असतात, रक्त उतरलेले असते, त्यावर चोळले तर सूज वाढते. आंबेहळदीचा लेप लावायला माझी हरकत नाही, पण तो लावताना रगडू नका. हाड मोडले आहे की नुसते मुरगळले आहे याची एक साधी कसोटी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली मांडली. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड आणि टोक दाबून पाहा. करंगळीच्या रेषेत तळव्याच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो हाडाचा उंचवटा लागतो तो दाबा. पावलाच्या आतल्या बाजूचा, कमानीच्या वरचा उंचवटा दाबा. यापैकी कुठेही नेमके हाडावर दुखत असेल, किंवा लंगडत का होईना पण चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे त्यांना ही कसोटी लागू नाही. त्यांनी थेट डॉक्टरकडे जावे.

पूर्वी आम्ही सांगायचो की बर्फ, पट्टी, पाय उंच आणि पूर्ण विश्रांती. गेब मिर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये हे सूत्र लोकप्रिय केले. पुढे त्यांनीच आपले मत बदलले आणि फार बर्फ व फार विश्रांती यांनी बरे होण्यास उशीर लागतो असे सांगितले. मलाही अनुभव तोच आहे. बर्फ वेदना कमी करायला दहा-पंधरा मिनिटे कापडात गुंडाळून लावावा, पहिले दोन-तीन दिवस पाय उशीवर उंच ठेवावा. पण साध्या मुरगळीत तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पाय हळूहळू हलवायला आणि सोसवेल तेवढा टेकवायला सुरुवात करावी. महिनाभर खाटेवर पडून राहणारा माणूस महिन्यानंतर जास्त लंगडतो.

प्लॅस्टरमध्ये असतानाही काम असते. बोटे दर तासाला हलवा. गुडघा ताठ करून मांडीचा स्नायू आवळा, दहापर्यंत मोजा, सोडा. पाय सरळ ठेवून खाटेवरून वीतभर उचला. हे केले नाही तर सहा आठवड्यांत मांडी आणि पोटरी इतकी बारीक होते की प्लॅस्टर काढल्यावर माणूस स्वतःचाच पाय पाहून घाबरतो. पोटरी अचानक दुखू लागली, कडक झाली, किंवा छातीत दुखून दम लागला तर मात्र थांबू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. शिरेत रक्ताची गाठ झाल्याची ती खूण असू शकते.

आता प्लॅस्टर निघाले. कातडी कोरडी, खपल्या निघणारी, केस वाढलेले, पोटरी सुकलेली, घोटा लाकडासारखा ताठ. हे सगळे अपेक्षित आहे. कोमट पाण्याने धुवावे, हलके तेल लावावे. पाय खाली सोडून बसले की तो लालसर-जांभळा होतो आणि संध्याकाळी सुजतो. रात्री उंच ठेवल्यावर सकाळी सूज उतरत असेल तर काळजीचे कारण नाही. अशी सूज तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त राहते. याउलट पायाची सतत आग होणे, कपड्याचा स्पर्शही सहन न होणे, कातडी चकचकीत होऊन घाम येणे असे होत असेल तर तो वेगळा आजार आहे. त्यात उशीर करू नये.

पहिला पंधरवडा घोटा मोकळा करण्याचा. मी सांगतो की खाटेवर बसा, पाय हवेत धरा आणि अंगठ्याने अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरे काढा. दिवसातून तीनदा. मराठी मुळाक्षरांत वळणे भरपूर, त्यामुळे घोटा सगळ्या दिशांना फिरतो. निरक्षर आजींना मी जात्याचा खुंटा फिरवल्यासारखा पाय फिरवायला सांगतो. नंतर पंचा चवड्याला अडकवून दोन्ही हातांनी अंगाकडे ओढायचा, गुडघा सरळ ठेवून तीसपर्यंत मोजायचे. तिसरा व्यायाम पोरांना आवडतो. जमिनीवर मूठभर चिंचोके टाकायचे आणि पायाच्या बोटांनी एकेक उचलून वाटीत टाकायचा. तळव्याचे छोटे स्नायू यानेच जागे होतात. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

पायावर भार किती द्यायचा हे ज्यांनी हाड बसवले त्या डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या. "थोडा थोडा टेकवा" या वाक्याने कुणालाच काही कळत नाही. त्यांनी पंचवीस टक्के म्हटले आणि तुमचे वजन ६० किलो असेल तर ते १५ किलो झाले. घरात किंवा शेजारी वजनकाटा असेल तर दुखरा पाय त्यावर ठेवून काटा १५ वर येईपर्यंत दाबा. दोन-चार दिवसांत पायाला तो भार ओळखू येतो. पुढच्या टप्प्यात ३० किलो, मग पूर्ण.

काठीबद्दल एक चूक मला रोज दिसते. डावा पाय दुखतो म्हणून माणूस काठी डाव्या हातात धरतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, म्हणजे चांगल्या पायाच्या बाजूला धरायची असते. चालताना आपला उजवा हात आणि डावा पाय बरोबर पुढे जातात, काठीही त्याच नियमाने चालली पाहिजे. म्हणजे दुखऱ्या पायावर भार येतो त्याच क्षणी काठी तो वाटून घेते. काठीची उंची अशी असावी की हात सैल सोडल्यावर तिची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. आजोबांची जुनी काठी उंच असेल तर सरळ करवतीने कापा, तिचा मान राखण्यासाठी खांदा दुखवून घेऊ नका. तळाला रबरी टोपण हवेच, नाहीतर ओल्या फरशीवर काठीच घात करते. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी खाली. आणि लंगडणे पूर्ण जाईपर्यंत काठी सोडायची नाही. लोक काय म्हणतील म्हणून तरुण मुले काठी दुसऱ्याच दिवशी फेकून देतात आणि मग दोन वर्षे लंगडतात, तेव्हा लोक म्हणायचे ते म्हणतातच.

चाल सुधारण्यासाठी घरातल्या शहाबादी फरशीसारखा गुरू नाही. पाय ओले करून कोरड्या फरशीवर दहा पावले चाला आणि मागे वळून ठसे पाहा. दोन्ही पायांच्या टाचा उमटल्या का? दुखऱ्या पायाचा अंगठा उमटला का, की सगळा भार करंगळीच्या बाजूला आहे? पाऊल बाहेर वळले आहे का? डाव्या-उजव्या पावलांतले अंतर सारखे आहे का? फरशीच्या जोडाची सरळ रेघ धरून चालावे, मुद्दाम लहान पण सारखी पावले टाकावीत. कानांचाही उपयोग करा. चपलांचा आवाज एका तालात पडतो की एक जोरात, एक हळू, ते ऐका. घाईने लांब पावले टाकणारा लंगडतो. लहान आणि सारखी पावले टाकणारा लवकर सुधारतो.

मग येते ते उकिडवे बसणे. हा भाग परदेशी पुस्तकांत फारसा नसतो, कारण तिकडे त्याची गरज नाही. आपल्याकडे खुरपणी, शौच, चूल, गोठा, सगळे उकिडवे बसून. त्यासाठी घोटा पुढे पुरेसा झुकला पाहिजे. तपासायचे असे. भिंतीसमोर उभे राहा, एक पाऊल पुढे ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. पाऊल हळूहळू मागे घेत किती अंतरापर्यंत गुडघा भिंतीला लागतो ते मोजा. चांगल्या पायाचे अंतर साधारण चार-पाच बोटे असते, कुणाचे जास्त. दुखऱ्या पायाचे दोन बोटे असेल तर तेवढी कसर भरून काढायची आहे. हीच कसोटी रोज वीस वेळा केली की तिचाच व्यायाम होतो. बसण्याचा सराव खाटेचा गात धरून करावा. सुरुवातीला टाचेखाली लाकडी फळी घ्यावी, पंधरा दिवसांनी पातळ फळी, मग काहीच नाही. पाथर्डीच्या त्या बाईंकडून मी हेच करून घेतले. आठ महिन्यांचा ताठरपणा होता, त्यामुळे तीन महिने लागले आणि घोटा पूर्ण कधीच आला नाही. पण खुरपे हातात धरता आले आणि दसऱ्यानंतर त्यांचा कोयता पुन्हा कारखान्यावर गेला. प्लॅस्टर काढल्याच्या दिवशीच मी हे सांगितले असते तर त्यांचे एक वर्ष वाचले असते.

ताकदीची कसोटी म्हणजे एका पायावर उभे राहून टाच उचलणे. ओट्याला बोटे टेकवून आधी दोन्ही पायांवर टाचा उचला, वीस वेळा सहज जमले की एका पायावर. निरोगी तरुण माणूस वीस-पंचवीस वेळा उचलतो. प्लॅस्टरनंतर पहिल्या दिवशी एकदाही उचलत नाही. रोज एक-दोनने वाढवत नेले तर दोन-तीन महिन्यांत पोटरी परत येते.

आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे तोल. एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा का मुरगळतो? इंग्लंडमधील डॉक्टर फ्रीमन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की बंध फाटतात तेव्हा त्यातले मज्जातंतूंचे बारीक तंतूही निकामी होतात. पाऊल वाकडे पडू लागले आहे ही खबर मेंदूला उशिरा पोचते, आणि सावरेपर्यंत पाय मुरगळलेला असतो. उपाय सोपा आहे. दात घासताना दुखऱ्या एका पायावर उभे राहा, भिंत हाताशी ठेवा. तीस सेकंद जमले की डोळे मिटून प्रयत्न करा. मग घडी घातलेल्या गोधडीवर उभे राहून करा. शेतात ढेकळांवरून, बांधावरून, सरी-वरंब्यातून चालणाऱ्याला हा व्यायाम औषधापेक्षा जास्त उपयोगी आहे. म्हाताऱ्या माणसांनी मात्र डोळे मिटण्याचा प्रयोग करू नये, आणि शेजारी कुणीतरी उभे असावे.

आता धावणाऱ्यांबद्दल. आपल्या जिल्ह्यात पहाटे कुठल्याही रस्त्याला निघा, पोलीस किंवा सैन्य भरतीची पोरे-पोरी धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. त्या काही मिनिटांवर घराचे भवितव्य टांगलेले असते, हे मी नाकारत नाही. दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आला. वडिलांची तीन एकर कोरडवाहू जमीन, अकादमीची फी भरायला बैल विकलेला. घोटा मुरगळून दहा दिवस झाले होते आणि भरतीला सात आठवडे होते. "डॉक्टर, एक इंजेक्शन द्या, पळून येतो," म्हणाला. मी दिले नाही. दुसरीकडे जाऊन त्याने घेतले, पळाला, आणि चौथ्या दिवशी दुप्पट सूज घेऊन परत आला. वेदना ही घरातल्या राखणदाराच्या भुंकण्यासारखी आहे. इंजेक्शन देऊन ती बंद केली तर चोर आत येतोच.

त्याला मी दोन शेजाऱ्यांची गोष्ट सांगितली. अविनाश साबळे हा आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. तालुका बीड जिल्ह्यात, पण आष्टीचा माणूस बाजाराला आणि दवाखान्याला नगरलाच येतो, तेव्हा तो आपलाच. लहानपणी सहा किलोमीटर शाळेला जाणारा हा मुलगा महार रेजिमेंटमध्ये जवान झाला, सियाचीनला राहून आला. ३००० मीटर स्टीपलचेस ही त्याची शर्यत, अडथळे आणि पाण्यावरून उड्या मारायची. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीने त्याची तयारी मोडली आणि त्या वर्षीच्या आशियाई खेळांसाठी तो पात्र ठरला नाही. तेव्हा सगळे संपले असे कुणालाही वाटले असते. पण त्याच वर्षी भुवनेश्वरच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत पूर्ण करून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत सुवर्ण. एक मोठी स्पर्धा गेली, पण पाय वाचला म्हणून पुढचे सगळे मिळाले.

दुसरा श्रीरामपूरचा झहीर खान. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेणारा. त्याच वर्षी जुलैमध्ये लॉर्ड्स कसोटीत मांडीचा मागचा स्नायू दुखावून तो मैदानाबाहेर गेला, आणि ऑगस्टमध्ये त्याच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. कसोटी सामन्यात तो परतला डिसेंबरअखेर मेलबर्नला. मधल्या चार महिन्यांत जगातले उत्तम डॉक्टर आणि भौतिकोपचार तज्ज्ञ त्याच्या दिमतीला होते, तरी चार महिने लागले. आणि थेट मेलबर्न नाही, आधी रणजी सामन्यात गोलंदाजी करून पाय अजमावला. आमच्या पोरांना मात्र पंधरा दिवसांत मेलबर्न हवे असते.

धावणे कधी सुरू करावे? अर्धा तास झपझप चालून लंगडणे नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली नाही, एका पायावर वीस वेळा टाच उचलता येते आणि त्याच पायावर जागच्या जागी दहा लंगड्या उड्या न दुखता मारता येतात, एवढे झाल्यावरच. सुरुवात एक मिनिट हळू धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ-दहा वेळा, एक दिवसाआड. डांबरी रस्त्यापेक्षा कालव्याच्या कडेची मातीची वाट किंवा मैदान बरे, पण खड्डे पाहून आणि उजेडात. दर आठवड्याला धावण्याचे मिनिट वाढवा, चालण्याचे कमी करा. आधी वेळ वाढवायची, मग अंतर, मग वेग, आणि वळणे व उड्या सर्वांत शेवटी. एकाच आठवड्यात अंतर आणि वेग दोन्ही वाढवू नका. धावताना किंचित जाणवणारे आणि नंतर निघून जाणारे दुखणे चालेल. धावल्यावर वाढणारे, किंवा दुसऱ्या सकाळी पहिले पाऊल टाकताना जास्त असणारे दुखणे चालणार नाही. तसे झाले तर दोन दिवस थांबून मागच्या पायरीवर जायचे.

भरतीच्या पोरांत आणखी एक दुखणे असते. मुरगळ नाही, मार नाही, पण चवड्याच्या मध्यभागी वर बोटाने दाबले की एकाच जागी दुखते आणि धावल्याने रोज वाढते. हे हाडाला पडलेले बारीक चिरफळे असू शकते. जर्मनीतील प्रशियाच्या सैन्यात लांब कूच करणाऱ्या सैनिकांत ब्राइटहाउप्ट या डॉक्टरांनी १८५५ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला कुचाचे फ्रॅक्चर म्हणतात. पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत ते दिसत नाही. एक्स-रे नीट आहे म्हणून पळत राहिलात तर हाड पूर्ण मोडते.

डॉक्टरांनाही हे चुकत नाही. लिव्हरपूलचे सर रॉबर्ट जोन्स हे आधुनिक अस्थिशास्त्राचे एक जनक. नाचताना त्यांच्याच पायाचे करंगळीमागचे हाड मोडले आणि १९०२ मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला. आजही त्या मोडीला त्यांचे नाव आहे. करंगळीमागच्या त्या विशिष्ट जागी रक्तपुरवठा कमी असल्याने हाड जुळायला वेळ लागतो, त्यामुळे तिथली मोड "छोटीशी" म्हणून सोडून देऊ नये.

खाण्याबद्दल घरोघरी वाद होतात. भात खाल्ला, वांगे खाल्ले तर पू धरतो म्हणून रुग्णाला नुसत्या भाकरी-चटणीवर ठेवतात. उलट या काळात दूध, ताक, डाळी, शेंगदाणे, अंडी, चालत असेल तर मटण-मासे, आणि सकाळचे ऊन हवे. विडी-सिगारेटने हाड उशिरा जुळते, हे पक्के सिद्ध झाले आहे. तंबाखू-मिश्रीही या निमित्ताने सुटली तर बरे. प्लेट-स्क्रू टाकले असतील तर ते काढावेच लागतात असा समज आहे, तसे नाही. त्रास देत नसतील तर बहुतेकांचे आतच राहू देतात.

चपलेबद्दलही सांगतो. अंगठ्याची सैल चप्पल पायातून निसटू नये म्हणून बोटे सतत आकसून धरावी लागतात आणि चाल बिघडते. निदान तीन महिने मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट घालावा. मोटारसायकल चालवायची घाई करू नका. मागचा ब्रेक उजव्या पायाने मारायचा असतो. बसल्या जागी पाय जोरात आपटून दुखत असेल तर वेळेवर ब्रेक लागणार नाही. दिंडीला किंवा शिर्डीला पायी जाणाऱ्यांनी हाड जुळल्यानंतर पहिले वर्ष संपूर्ण वाटेचा हट्ट धरू नये. रोज एक टप्पा चालावे, पुढचा गाडीने जावे, आणि अनवाणी तर नकोच.

भौतिकोपचार तज्ज्ञाकडे जाणे म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे अजूनही पुष्कळांना वाटते. लोणी आणि विळद घाट येथे वैद्यकीय संस्थांबरोबर भौतिकोपचाराची महाविद्यालये आहेत. दोन-तीन वेळा जाऊन व्यायाम नीट शिकून घेतले तरी पुरते, बाकीचे घरी करायचे आहे. महिनाभर व्यायाम करूनही टाच टेकत नसेल किंवा घोटा लुळा पडल्यासारखा वाटत असेल तर मात्र पुन्हा तपासून घ्या.

त्या भरतीच्या मुलाचे पुढे काय झाले हे वाचक विचारतीलच. ती भरती त्याची हुकली. वडील माझ्यावर रागावले होते, आणि त्यांचा राग मला समजत होता, कारण बैल परत येणार नव्हता. मुलगा मात्र सहा आठवडे चिंचोके उचलत होता आणि आईच्या पाट्या-वरवंट्याशेजारी एका पायावर उभा राहत होता. दहाव्या आठवड्यात त्याने पहिल्यांदा एक मिनिट धावून पाहिले. पुढच्या भरतीत १६०० मीटर धावल्यावर त्याचा घोटा सुजला नाही. लेखी परीक्षेत तो थोडक्यात मागे पडला, सध्या पुन्हा तयारी करतो आहे. पहाटे दवाखान्यावरून धावत जातो तेव्हा मी खिडकीतून त्याच्या बुटांचा आवाज ऐकतो. दोन्ही पाय सारखे पडतात.

मधुमेही रुग्णांच्या पायाबद्दल वेगळे लिहावे लागेल, ते पुढील आठवड्यात. तोवर एवढेच ध्यानात ठेवा की मधुमेह असलेल्या माणसाचे पाऊल फारसे न दुखता अचानक सुजले, लाल आणि गरम झाले, तर चोळू नका, चालू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.